शाफ्टवरची गाठ

"वर बघू नकोस. सुरीला धार लावतोयस तशीच लावत राहा, आणि ऐक."

आवाज डोक्यावरून आला. पाणबुड्या नुकताच पाण्याबाहेर डोकं काढून, बोटीच्या सुकाणूला धरून बोथटलेली सुरी दगडावर घासत होता. त्याचा हात क्षणभर थबकला, मग पुन्हा चालू झाला.

बंदरात त्याला सगळे पाणबुड्याच म्हणत. कुणाच्या पंख्यात जाळं गुरफटलं, कुणाचा नांगर खडकात रुतला, की त्याला बोलावणं यायचं. तो खाली उतरे आणि बायको लाँचवर बसून हवेचा पंप आणि नळी सांभाळे. "यांचा श्वास माझ्या मुठीत आहे," असं ती चारचौघांत सांगायची. "म्हणून तर कधी उलटून बोललो नाही," असं तो म्हणायचा.

आजचं काम मासळीच्या कारखान्याच्या मॅनेजरनं दिलं होतं. बंदराच्या हद्दीबाहेर एक मोठी बोट अडकून पडली होती. तिचा पंखा मोकळा करायचा. ही बोट एरवी किनाऱ्याला येतच नसे. तिचा माल भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर चढे आणि ते जहाज तो कारखान्यात आणून टाके.

"आम्ही अकरा जण आहोत," आवाज म्हणाला. "सगळ्यांचे पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात. ते जहाज येतं, मासे घेतं, तांदूळ टाकतं. माणूस मात्र एकही नेत नाही. तू पंखा सोडवलास की आम्ही परत भर समुद्रात."

"किनारा बघून किती दिवस झाले?"

"मोजायचं सोडलं."

पाणबुड्यानं न राहवून वर पाहिलं. कठड्यावर एक हात होता. दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीबाहेरचं कातडं काळंनिळं. हात लगेच आत ओढला गेला.

त्यानं नळी तोंडात धरली आणि बुडी मारली. पंख्याला गुंडाळलेलं जाळं इतकं बारीक होतं, की त्याच्या आसातून, त्या एवढ्याशा भोकांतून, करंगळीही गेली नसती. त्यात माशांची बोटाएवढी पिल्लं चिकटली होती, एकदाही अंडी न घातलेली. हल्ली बंदरातल्या छोट्या होड्या रिकाम्या परतत होत्या. समुद्र रुसलाय, म्हणायचे लोक. रुसलाय कसला, खरवडून नेलाय, पाणबुड्याच्या मनात आलं.

आता एकच जाड दोर कापायचा उरला होता. तो कापला की बोट मोकळी. त्यानं सुरी म्यानात घातली, दोराचं टोक पंख्याच्या पात्यांमधून घेतलं, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टभोवती फिरवलं, सुकाणूच्या बिजागरीत ओवलं आणि पाय टेकवून आवळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाठी सोडवल्या होत्या, त्यामुळे न सुटणारी गाठ कशी असते ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वरून बायकोनं त्याच्या कमरेच्या दोरीला हिसका दिला: काय झालं? त्यानं उलट हिसका दिला: ठीक आहे.

"शाफ्ट वाकलाय," वर आल्यावर तो कप्तानाला म्हणाला. "इथं नाही व्हायचं. धक्क्याला न्यावी लागेल."

"नुसतं जाळं होतं की."

"जाळ्यानंच वाकवलाय. इंजिन लावून बघा."

कप्तानानं लावून पाहिलं. बोट शेपटावर पाय पडल्यासारखी दचकली आणि इंजिन बंद पडलं. कप्तानाचे डोळे बारीक झाले. "माझा माणूस खाली पाठवतो. तो बघेल."

पाणबुड्यानं लाँचकडे पाहिलं. तेवढ्यात लाँचवरून बायको म्हणाली, "पाठवा की. मी नळी कुणाचीही धरीन. पण मला सवय आहे ती यांच्या श्वासाची. खाली दुसऱ्या कुणाला काही झालं तर मला बोल लावायचा नाही."

कप्तानानं आपल्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसानं पाण्याकडे पाहिलं आणि मागे सरकला. इंजिन बंद म्हणजे शीतगृहही बंद. खाली माल मऊ पडत होता. कप्तानानं फोन लावला. मॅनेजरचं ओरडणं लाँचपर्यंत ऐकू आलं: ओढून आणा, आधी माल उतरवू.

दोर बांधून बोट ओढत लाँच निघाली. पाणबुड्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे शाफ्ट वाकलेला नाही?"

"नाही."

"मला आधी सांगायचंत. मी आणखी चांगलं बोलले असते."

मग तिनं वायरलेस उचलला. तो सगळ्या बोटींना ऐकू जातो, कप्तानालाही. तिला हवी होती मासेमारी खात्याची निरीक्षक. ती जाळ्याचे आस पट्टीनं मोजत हिंडायची म्हणून बंदर तिला फूटपट्टीबाई म्हणे. हद्दीबाहेरच्या बोटीवर तिला चढता येत नव्हतं. धक्क्याला लागलेल्या बोटीवर मात्र तिचाच हुकूम चाले.

"ताई, आज अकरा पाहुणे घेऊन येतेय. फार दिवसांचे उपाशी आहेत बिचारे. घरच्या मोठ्या माणसांनाही बोलावून ठेवा."

पलीकडे खरखर झाली. पाणबुड्यानं मागे वळून पाहिलं. कप्तान कठड्याशी उभा होता.

"कधी वाढू?" फूटपट्टीबाईनं विचारलं.

"ऊन आहे तोवर पोचतो."

धक्क्यावर बाई कामगार अधिकाऱ्याला आणि पोलिसांना घेऊन उभी होती. बोटीचा दोर धक्क्यावर पडल्याबरोबर ती बोटीवर चढली. कोठार उघडलं. ओंजळभर पिल्लं हातात घेऊन ती म्हणाली, "याचा एक दाणाही उतरणार नाही."

माल घ्यायला आलेला मॅनेजर म्हणाला, "आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"मासळीच्या डब्यावर छोट्या होड्यांचं चित्र छापायचं तेवढं माहीत होतं," धक्क्यालगतच्या कारखान्याच्या दारात जमलेल्या बायकांतून एकजण म्हणाली. "आम्हीच भरतो ना हे डबे."

कामगार अधिकाऱ्यानं अकरा जणांना विचारलं, "कुणाला उतरायचंय?"

कुणी हललं नाही. कप्तान त्यांच्या मागेच उभा होता. "सगळे खुशीनं आलेत," तो म्हणाला. "डागडुजी झाली की निघू."

पाणबुड्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली. तो पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डागडुजी कसली? शाफ्ट धड आहे. मीच गाठ मारलीय, आणि मी ती सोडणार नाही. ही बोट आता कुठंही जात नाही."

कप्तान त्याच्या अंगावर धावला, पोलिसांनी त्याला वाटेतच धरलं. मॅनेजर म्हणाला, "यापुढे तुला कारखान्याचं काम मिळायचं नाही." पाणबुड्याला ते नीट ऐकूही आलं नाही, कारण चिंधीवाला माणूस फळीवर पाय ठेवत होता. त्याच्या मागे दुसरा, मग सगळेच. जमीन डुलत नाही याची पायांना सवय उरली नव्हती. झिंगल्यासारखे झोकांड्या खात ते एकमेकांना धरून हसत होते, आणि डबे भरणाऱ्या बायका हसत, डोळे पुसत त्यांना हात देत होत्या.

चिंधीवाला धक्क्याच्या तापलेल्या दगडावर बसला. पाणबुड्याच्या बायकोनं आपला फोन त्याच्यापुढे धरला. नंबर त्याला पाठ होता. त्यानं तो धड हाताच्या अंगठ्यानं दाबला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. मग पलीकडचं ऐकत राहिला. फोन खाली आला.

"माझी बायको होती. म्हणाली, अशी चेष्टा करू नका, आमचं माणूस समुद्रात बुडालं. ठेवला तिनं."

"परत लावा," पाणबुड्याची बायको म्हणाली.

उन्हात फोनवरचे आकडे दिसेनात. त्यानं डोळ्यांवर हात धरला. पाणबुड्या, ओल्या कपड्यांतच, आपली सावली फोनवर पडेल असा सरकून उभा राहिला. चिंधीवाला पुन्हा एकेक आकडा दाबू लागला.