सोडलेलं कीर्तन

रबरासारखा मऊ, जवळजवळ पारदर्शक, आणि आत शिरताना एकदा उजवीकडे, एकदा वर असा वळलेला तो तुकडा – उन्नतीच्या कानाच्या आतल्या पोकळीचा साचा – मृणालीच्या तळहातावर होता, आणि ओल्या फडक्याच्या टोकानं त्यातला मळ काढता काढता तिला पुन्हा वाटलं, की आपल्या पोरीचा कान आतून असा असतो हे कुठल्याच आईला माहीत नसतं... माहीत व्हायची वेळच येत नाही. बाहेरून मात्र तो कान माहेरच्या सगळ्या अंजूरला ठाऊक होता. पाळी जाड, गालाला चिकटलेली, वरची कड जराशी मुडपलेली. बाळंतिणीच्या खाटेशीच गुणाबाई म्हणाली होती, "कान पाह्यलास का गो? माझाच कान हाय." किती खूश होती आई. जसं काही आपलंच काहीतरी हरवलेलं परत मिळालं...

साचा बसवताना उन्नतीनं तोंड वाकडं केलं, मान झटकली, पण काढून टाकला नाही. कानामागचं यंत्र एकदा बारीक शिट्टी वाजवून गप्प झालं. दीड वर्षाची पोर. हिनं हट्ट करावा, हातपाय आपटावेत, तर ही नुसती बघत राहते. तोंडाकडे बघते. आणि आपण – हे मृणालीच्या अलीकडेच लक्षात आलं होतं – आपण तिच्याशी कमी बोलायला लागलोय.

नवऱ्याची, प्रितमची, काल्हेरच्या गोडाऊनवर आज, रविवारीही, ड्युटी होती. खालच्या वाटेनं ट्रक लागले होते. रिक्षा मिळाली आणि ती पोरीला मांडीवर घेऊन बसली. अंजूर तसं लांब नाही, पण आज ते आणखी लांब असतं तर बरं झालं असतं. आज सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन. आणि ती निघाली होती ते कीर्तनाला नव्हे, आपलंच एक वाक्य परत घ्यायला.

गेल्या आठवड्यात कमळाकाकूचा फोन आला होता. कमळाकाकू म्हणजे माहेरची शेजारीण, आणि गेली कितीतरी वर्षं कीर्तनात आईच्या मांडीला मांडी लावून बसणारी. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "बाय, तुझ्या आईनं कीर्तन सोडलाय."

"सोडलंय म्हणजे? बरं नाही का तिला?"

"बरी हाय. वांगा सोडतात, च्या सोडतात, तसा देवाला सोडलाय. नात ऐकल तवा मी ऐकीन म्हनते." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आनि ह्या सगळा तुझ्याच सांगन्यावरना. लूमच्या आवाजानं पोटातला बी बहिरा झाला, माझ्या पोरीनंच सांगितला, म्हनते."

लूम म्हणजे यंत्रमाग; मृणाली पोटात असताना आई तिथं कामाला जायची. आवडीची वस्तू देवाला सोडायची, मागणं पुरं होईतो तिला शिवायचं नाही, ही रीत तिला माहीत होती. तिच्या मावशीनं धाकट्याच्या पायासाठी केळं सोडलं होतं. पाय बरा झाला तेव्हा देवळातच बसून तिनं सहा केळी खाल्ली होती आणि सगळे हसले होते. पण सोडतात ते जिभेचं सोडतात. देवाकडे मागणं मागायचं आणि त्याचंच नाव ऐकायचं सोडायचं – हे आईलाच सुचावं. तिला दुसरं आवडतं काय होतं? माझ्या आईजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

आणि ते माझ्यामुळे तिनं दिलं.

डोहाळेजेवणाचा दिवस... हिरवं पातळ, वेणीत माळलेला चमेलीचा गजरा, बायांची गर्दी, आणि आईचा हात आपण आपल्या पोटावर ओढून घेतला. का घेतला? तर इतकी वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत आपण काय करतो हे तिला कधी सांगताच आलं नव्हतं. गावात सगळे 'उंदरांची डाक्तरीण' म्हणायचे, आईही हसून तेच म्हणायची. उंदरांच्या गर्भातल्या गर्भात, जिथून पुढं बीज व्हायचं त्या मूठभरसुद्धा नसलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांतल्या गुणसूत्रांवरच्या खुणा वाचायच्या... कसं सांगणार? पण त्या दिवशी एकाएकी वाट सापडली. "आई, ही माझ्या आधी तुझ्या पोटात होती," मृणाली म्हणाली, आणि बुवा थांबतात तशी थांबली. "मी तुझ्या पोटात असतानाच माझ्यातली सगळी बीजं तयार झाली. त्यातलंच एक ही. तू जे खाल्लंस, जे सोसलंस, जे ऐकलंस, ते हिच्यापर्यंत पोचलंय." बायांनी 'आगं बाई' केलं, कुणी डोळ्यांना पदर लावला, आणि आईचा हात पोटावरून हलेना.

किती छान वठलं होतं ते. आईच्या मांडीवर बसून ऐकलेली सगळी कीर्तनं त्या थांबण्यात होती – आवाज कुठं उतरवायचा, कुठं धरून ठेवायचा. दृष्टांत लागू पडला की श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो, तो काटा मला पाहायचा होता. पण बुवा दृष्टांत सांगून सिद्धांताकडे परत येतात. मी आले नाही. अर्ध्यावर सोडून जेवायला बसले.

कारण पुढचं अर्धं काही तितकं गोड नव्हतं. पुढचं असं, की गुणसूत्र म्हणजे पोथी धरली, तर त्या खुणा म्हणजे काही पानांना बांधलेले दोरे. अक्षर तेच, पान तेच, पण बांधलेलं पान उघडत नाही, वाचलं जात नाही. कातडीची पेशी काही पानं बांधते, काळजाची दुसरी. आणि बीज होणाऱ्या पेशींत, गर्भातच, एक वेळ अशी येते की जवळजवळ सगळे दोरे सुटतात. आधीच्या वाचणाऱ्यानं काय काय बांधलं होतं ते जातं. पोथी मोकळी होते. मग पुढं, मुलगी जन्मल्यावर, तिचं बीज वाढत असताना नवे दोरे पडतात. ही सुटण्याची वेळ – यातच मृणालीची वर्षं गेली होती. रसायन घालायचं, की खूण असलेलं अक्षर टिकतं आणि खूण नसलेलं बदलतं. मग वाचायचं, काय टिकलं, काय बदललं. पांढऱ्या उंदराच्या तिळाएवढ्या गर्भात तिनं ते सुटणं कितीदा पाहिलं होतं आणि दर वेळी, कुणाला सांगितलं नाही तरी, मनात हात जोडले होते. एवढी क्षमा देवानं कुठं ठेवली, तर इथं.

तेच नेमकं आईला सांगितलं नाही.

रिक्षावाल्यानं देवळाच्या अलीकडेच सोडलं. पुढं मांडव होता. कर्ण्यातून पखवाज ऐकू येत होता आणि बुवांचा आवाज, जरा बसलेला, सात दिवसांचा. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे, पाय उचलतायत, ठेवतायत... मृणालीच्या पायांनी आपोआप तो ठेका धरला आणि तिनं तो सोडला. उन्नती मांडवाच्या झालरीकडे बघत होती.

बायांच्या रांगेतून कमळाकाकू उठून आली. "आली का उंदरांची डाक्तरीण. आन गो त्या चिमणीला. वाळलीस किती, उंदीरच खायला घालतात का तुला तिकडं?"

"आई कुठाय, काकू?"

"गोडाऊनच्या मागं. पत्र्याच्या आड कर्णा पोचत न्हाय ना. सात दिस तिथंच बसते, बिरडा सोलते महाप्रसादाचा. लोकांनी समजावला, बुवांनी सवता समजावला. बुवांना काय म्हनाली ठाव हाय? तुमी मना ऐकवू नका, माझा नेम मोडंल." काकू हसली, पण डोळे हसले नाहीत. "माझ्या बाजूची जागा मी कुनाला दिली न्हाय हां. पिशवी ठेवते तिथं."

देवळामागची वाट पूर्वी शेतातून खाडीकडे जायची. आता दोन्हीकडे गोडाऊनं. एकाच्या लांबलचक निळ्या पत्र्याला वळसा घातला आणि खरंच, कुणी दार लोटावं तसं कीर्तन बंद झालं. उभे ट्रक, कुणा ड्रायव्हरची वाळत घातलेली लुंगी, आणि सावलीत लाकडी फळ्यांच्या थप्पीवर आई. पुढ्यात घमेलं, मोड आलेले वाल, साली एका बाजूला. अंगठ्यानं दाबायचं, दाणा पुढं, साल मागं.

"आलीस? पोरीच्या डोक्यावर टोपी न्हाय? ये गो माझी आजीबाय, ये, कोन आलाय बघ, यो ट्रक कोनाचा, तुझ्या बापाचा का?" तिनं हात पुसून उन्नतीला घेतलं आणि बोलत सुटली. वालाचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं, सकाळी कुणाचं कुणाशी भांडण झालं ते सांगितलं. उन्नती तिच्या तोंडाकडे बघत होती आणि हसत होती.

"आई, कीर्तन चाललंय."

"ठाव हाय."

"इथं ऐकू येत नाही."

"म्हनूनच हितं बसले."

मृणाली शेजारी बसली. वाल हातात घेतले. रिक्षात जुळवून ठेवलेलं सगळं आता कसं काढावं ते कळेना. "तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं गं तुला," ती म्हणाली, आणि मग पोथी, दोरे, दोरे सुटणं... आई ऐकत होती, अंगठा चालू होता. "तू रहमतुल्ला शेठच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायचीस ना, त्याच महिन्यांत माझ्यात हे सुटणं चाललं होतं. बाहेर एवढा खडखडाट, आणि आत सगळं मोकळं होत होतं." बोलताना तिला कळलं की हेही वाक्य छान वठलंय. तिला स्वतःची भीती वाटली.

"सगळा सुटतो?" आईनं विचारलं.

हो म्हणायचं. नुसतं हो. एवढ्या एका अक्षरासाठी ती इथवर आली होती. पण काही दोरे सुटत नाहीत. ते का सुटत नाहीत हे तिला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. आणि हे सगळं उंदरात पाहिलेलं, माणसात असंच असावं, एवढंच.

"जवळजवळ सगळं," मृणाली म्हणाली.

आईचा अंगठा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"पण त्याचा आणि उन्नतीच्या कानाचा संबंधच नाही, आई. आम्ही तिघांनी रक्त दिलं होतं तपासायला. दोऱ्याचं नाहीच ते. अक्षराचंच आहे. पोथीतच एक अक्षर चुकलेलं. एक माझ्याकडनं आलं, एक प्रितमकडनं. एकेकटं असलं तर काही होत नाही, कळतही नाही. दोन्ही एकत्र आली, म्हणून. लूमचा काही दोष नाही."

उन्नतीनं वालाची साल तोंडात घातली, ती आईनं बोटानं काढली.

"तुझ्यात कुठना आला?"

हे यायचंच होतं. रिक्षात मृणालीनं याचा विचार केला नव्हता... केला होता, आणि बाजूला सारला होता. "तुझ्याकडनं. नाहीतर बाबांकडनं."

"कोनाकडना, ता कळंल?"

"तुझं रक्त तपासलं तर कळेल. तुझ्यात नसलं, तर मग बाबांचं."

"नको." आई लगेच म्हणाली. "रगत न्हाय द्यायचा मी."

बाबा – चांगदेव पखवाजी – जाऊन सहा वर्षं झाली होती. वेशीवरून येताना मांडवातला पखवाज ऐकून ते सांगायचे, डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुकलीय, पाणी लावा. त्या माणसाच्या अंगात, त्या कानांच्या आत, एक मुकं अक्षर बसलं होतं असं म्हणायचं...

"त्यो कानाचा मानूस," आई म्हणाली. "त्याच्यावर न्हाय ढकलायचा. लूमवर मी गेले. त्यो नको म्हनत व्हता. दोन जिवांची हायस, त्या आवाजात बसू नको म्हनत व्हता. मीच ऐकला न्हाय त्याचा." तिनं उन्नतीच्या कानामागचं यंत्र नीट केलं, अगदी सराईत हातानं. "तू शिकलेली हायस, तुझा खरा आसंल. पन बाय, लूमचाच ऱ्हाऊ दे. लूमचा आसंल त मना काय तरी सोडता येतंय. अक्षराला मी काय सोडू?"

मृणालीनं हातातला वाल दाबून दाणा घमेल्यात टाकला. आईवरचं ओझं उचलायला आलो, आणि ज्याला धरून ती उभी आहे तेच आपण ओढत होतो... तिला समजावता येण्याजोगं खूप होतं, अजूनही होतं. पण त्या अक्षराचं खरं कळल्यापासून आपण काय केलं? गप्प झालो. पोरीशीही. आईनं निदान काहीतरी देऊन टाकलं. मी काय सोडलं? सोडावं असं माझ्याजवळ काय आहे, तेही मला आठवत नाही.

खाडीकडचं वारं फिरलं. पत्र्याच्या वरून, अगदी बारीक, टाळांचा एक लोट आला, आणि त्यावर बुवांचा चढलेला आवाज – शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. आईनं मान खाली घातली आणि उन्नतीशी मोठमोठ्यानं बोलायला लागली, घमेल्याचं, उन्हाचं, काहीही. ऐकायचं नाही असं मृणालीनं ठरवलं, पण कान काही मिटता येत नाहीत. ती चाल तिच्यात सरळ उतरत गेली, गोड लागली, आणि उपवासाच्या माणसासमोर आपण एकटंच जेवत बसलोय असं तिला वाटत राहिलं.