अर्धी फेरी

माझ्या थोरल्या भावाने खोटं बोलावं असं तुम्ही त्याला सांगितलंत, अध्यक्षसाहेब, आणि तेही त्याच्या डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून. मी त्याच खोलीत होतो. नाकारायचं तर खुशाल नाकारा. पण आपल्या चर्चच्या मंडळीतल्या ज्यांनी फक्त तुमच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्यासाठी मी पहिल्यापासून सांगतो.

दादा एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो. त्यातली चौदा वर्षं मी त्याच्या हाताखाली आहे. काम संपलं की पहिली फेरी तो स्वतः करतो. वर जाताना डब्यात एकटा असतो, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. खाली येताना मीही डब्यात चढतो; प्रत्येक मजल्यावर तो उतरतो, मी डबा खाली नेतो, आणि तो मागच्या रिकाम्या खड्ड्यासमोरचं दार दोन्ही हातांनी ओढून बघतो. डबा समोर नसताना दार उघडता कामा नये; उघडलं की पुन्हा हत्यारं बाहेर. सगळी दारं घट्ट राहिली की मग तपासणीच्या कार्डावर सही. लोक कौतुक करायचे वर जाणाऱ्या फेरीचं, कारण तिच्यात प्रार्थना होती. माणसं वाचत होती ती खाली येणाऱ्या फेरीने.

त्या रविवारी सकाळी इस्पितळाची लिफ्ट बंद पडली. चार मजली इमारत, एकच लिफ्ट. काम लांबलं. दहाला उपासना, आणि शास्त्रपाठ दादाचा. मी म्हणालो, "दादा, पावणेदहा झाले." हे मीच म्हणालो, तेव्हा मलाही धरा. तो प्रार्थना करत वर गेला आणि सरळ खाली आला. एकही दार ओढलं नाही. सही केली, हात पुसले, आणि आम्ही धावलो. त्या दिवशी त्याने इतकं सुंदर वाचलं की तुम्ही स्वतः व्यासपीठावरून खाली उतरून त्याचा हात हातात घेतला होता.

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर एका परिचारिकेने दार ओढलं. ते उघडलं. हातातल्या ट्रेकडे बघत तिने पाऊल टाकलं. डबा पहिल्या मजल्यावर होता, ती त्याच्या टपावर पडली. वाचली, पण खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळाने लिफ्टमनला धरलं. दार सारखं उघडायचा कंटाळा म्हणून यानेच दाराचं कुलूप लागू नये म्हणून त्यात कागद कोंबला असणार, म्हणे. लिफ्टमध्ये दोष कसा असेल, कार्डावर दादाची सही आहे. 'त्यांची सही म्हणजे झालंच.' दादाच्या चांगुलपणाचाच त्या माणसाच्या गळ्याला फास लागला. त्याला घरी बसवलं. चौकशी पुढच्या गुरुवारी अकराला. तिथे दोष ठरला की नोकरीही जाणार आणि मागे पोलीसही लागणार.

मधले नऊ दिवस दादा गप्प होता. हे मी झाकत नाही. जेवायला बसला की प्रार्थनेसाठी तोंड उघडायचा, आणि तसाच घास घ्यायचा. कामावर एकेक दार चार-चारदा ओढायचा. वहिनी एकदा म्हणाली, "अहो, देवाशी अबोला धरलाय का? धरला असेल तर सांगा, मी मध्यस्थी करते." तो हसला नाही. मग तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावजी, काय केलंत तुम्ही दोघांनी?" मी सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि त्या लिफ्टमनला मुलं किती?" मला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही आलात. मंडळीच्या बारा आदर्श पुरुषांचं पुस्तक, त्यातली दादाची छापील पानं दाखवायला. 'विश्वास आणि चारित्र्य यांचा संगम', त्याखाली दादाचा फोटो.

वहिनी म्हणाली, "फोटोतला कोट शेजाऱ्यांचा आहे, तेवढं खाली लिहा."

तुम्ही हसलात. दादाने पानं मिटली आणि तुम्हाला सगळं सांगितलं. कार्ड, दारं, सही. तुम्ही कप खाली ठेवलात.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"धाकट्याला, हिला. आणि वरच्याला."

"मग तिथेच राहू द्या. रविवारी पाहुणे येताहेत, पुस्तक निघतंय. नंतर सावकाश बघू."

"चौकशी उद्या आहे."

"विचारलं तर म्हणा, आठवत नाही. आठवत नाही म्हणणं म्हणजे काही खोटं नव्हे."

"मला आठवतं," दादा म्हणाला.

"आणि तो लिफ्टमन आपल्या मंडळीतला आहे का?"

तेव्हा वहिनी बोलली. "नाही. खुबा मोडलेली पोरही नाही. लिफ्टला मंडळी कळत नाही, अध्यक्षसाहेब."

तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. उठून दादाच्या डोक्यावर हात ठेवलात आणि याला शांत राहण्याची कृपा मिळो असं मागितलंत. दादाने आमेन म्हटलं नाही. मी मात्र सवयीने म्हणून गेलो. त्याची लाज अजून जात नाही.

गुरुवारी सकाळी तो जाणार की नाही हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दाढी करताना दोनदा कापलं. बुटाची नाडी बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला. साडेदहा झाले. मी त्याला वेळ सांगितली नाही. पुन्हा कधी त्याला वेळ सांगायची माझी छाती नाही. वहिनीने नाडी बांधली आणि म्हणाली, "चला, मीही येते."

चौकशी चौथ्या मजल्यावर. लिफ्ट सीलबंद, जिन्याने गेलो. तिसऱ्या मजल्यावर दादा थांबला, कठड्याला धरून. मला वाटलं, आता मागे वळणार. वर बाकावर लिफ्टमन बसला होता, गणवेश इस्त्री करून घातलेला, शेजारी बायको. त्याने उठून दादाला नमस्कार केला. म्हणाला, "बरं झालं आलात. तुम्ही सांगितलंत की यांना पटेल, मी कागद घातला नाही." दादा मान खाली घालून आत गेला, मागोमाग आम्ही.

आत तिघे होते. मधल्याने कार्ड पुढे सरकवलं. "सगळी दारं तपासली होती ना? फक्त हो म्हणा, वेळ कशाला घालवायचा?"

दादा कार्डाकडे बघत राहिला. मी मनात म्हणत होतो, बोल, आणि खरं सांगतो, त्याच दमात म्हणत होतो, नको बोलू.

"नाही," दादा म्हणाला. "एकही तपासलं नाही. सही माझी आहे आणि ती खोटी आहे. या माणसाचा काही दोष नाही."

"का तपासलं नाहीत?"

"उपासनेला उशीर होत होता."

लिफ्टमनला त्याच दुपारी कामावर घेतलं. दादाचा परवाना जप्त झाला, पुढे खटला आहे. बाहेर लिफ्टमनच्या बायकोने दादाला अडवलं. आभार मानले नाहीत. म्हणाली, "नऊ दिवस कुठे होतात?" तो म्हणाला, "घरी होतो, ताई. भीत होतो." ती वाटेतून बाजूला झाली. त्या संध्याकाळी जेवताना दादाने प्रार्थना केली. दोनच वाक्यं.

शुक्रवारी तुमची चिठ्ठी आली. मंडळीच्या प्रतिष्ठेचा विचार करून पुस्तकातून नाव गाळलं आहे, आणि पुढील सूचनेपर्यंत शास्त्रपाठासाठी उभं राहू नये.

आता मला हिशेब लावून द्या. बुधवारी संध्याकाळी तुम्हाला सगळं कळलं होतं. खोटी सही, मोडलेला खुबा, अडकवलेला लिफ्टमन, सगळं. तेव्हा दादा तुमचा आदर्श पुरुष होता, पान तयार होतं. गुरुवारी त्याने एकच नवी गोष्ट केली, खरं बोलला. मग त्याला खाली बसवलंत ते कशासाठी, खोट्या सहीसाठी की खऱ्या जबाबासाठी? आम्ही रविवारी शेवटच्या बाकावर असू. पाहुण्यांसमोर उभे राहा आणि सांगा.