चौथा बोल्ट

बंपरची शेवटची क्लिप काही केल्या सुटेना. संगमेश्वर गाडीपुढे उकिडवा बसून स्क्रू ड्रायव्हरने ती उपटू पाहत होता आणि त्याच्या दर झटक्याला रेवणसिद्धअप्पांचा श्वास अडकत होता.

"जोर नका लावू, जावई. मधली खुंटी आधी वर घ्या. मग ती आपसूक येती."

खुंटी वर आली, क्लिप निघाली. दोघांनी दोन बाजूंनी धरून बंपर पोत्यावर आडवा ठेवला.

संगमेश्वर सकाळीच अंबाजोगाईहून आला होता. आला होता बायकोला न्यायला. पण डिकीत एक मोठं खोकंही होतं. नवी टर्बो गाडी मांजरसुंब्याच्या घाटात, उन्हाच्या वेळी दम टाकते, ही त्याची तक्रार. टर्बोतून तापून येणारी हवा इंजिनात जाण्याआधी थंड करायला पुढे एक जाळी असते, इंटरकूलर. कंपनीचा लहान होता. त्याने पुण्याहून दुप्पट मोठा मागवला होता. "गॅरेजवाल्यांवर माझा भरवसा न्हाई, मामा," तो म्हणाला होता. "तुमच्या हातानं बसवू." चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये घालवलेल्या अप्पांना ते ऐकून बरं वाटलं होतं. त्याने आणलेल्या पेढ्यांच्या डब्यापेक्षाही बरं.

शिवांजली दोन महिन्यांपासून पालीला माहेरी होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी तिला समोर बसवून विचारलं होतं.

"मारतो का?"

"न्हाई."

"पितो?"

"न्हाई, अप्पा. लपवतात. लहानसहान गोष्टीसुद्धा. विचारलं तर तोंडावर खोटं बोलतात."

"एवढंच?" अप्पा म्हणाले होते. पुढचं सांगायला तिने तोंड उघडलं, तोवर ते चप्पल घालून बाहेर पडले होते. पुढे दोन महिने नातेवाइकांची तोंडं चुकवून झाल्यावर त्यांनीच जावयाला फोन केला, की या आणि घेऊन जा. आता ती आत, निघायच्या तयारीने बसली होती. तिने हिरवं इरकल नेसलं होतं. तिच्या आईने, नीलाबाईंनी, धपाटे बांधून ठेवले होते. अंधार पडायच्या आत घाट पार करायचा म्हणून चारला निघायचं ठरलं होतं.

दुपारी दोनपर्यंत जुना इंटरकूलर निघाला. नवा जागेवर धरला तेव्हा त्याची एक कड पंख्याला घासते की काय असं वाटलं, पण बोटभर अंतर राहिलं. चार बोल्टांवर त्याचं सगळं वजन येणार होतं. अप्पांनी पाइप जोडले, रबरी होजवर पट्ट्या आवळल्या आणि हात धुवायला हौदाकडे गेले.

"बोल्ट मी आवळतो, मामा. तुमी बसा जरा."

अप्पांनी साबण हाताला लावला. मागून पान्याचा कटकट आवाज येत होता. पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा. चौथ्याचा आवाज मात्र सुरुवातीपासूनच जड होता. वाकडा धरलाय, अप्पांच्या मनात आलं. काढून पुन्हा लावेल. पण संगमेश्वरने काढला नाही. त्याने पान्याला नळी लावली आणि अंग टाकलं. आतून कर्र आवाज आला आणि मग पाना एकदम हलका फिरायला लागला.

तो हलकेपणा अप्पांना न बघताही कळला. आतल्या नटाचे आटे गेले होते. वर्कशॉपमध्ये अशा आवाजावर सगळ्यांची तोंडं एकाच वेळी वर व्हायची.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. होतं असं. नव्या माणसाच्या हातून हमखास होतं. आता हाक मारेल, म्हणून ते साबणाचा फेस तसाच हातावर धरून थांबले.

हाक आली नाही. डिकी उघडल्याचा आवाज आला. संगमेश्वरचं हार्डवेअरचं दुकान होतं; पाइपच्या फटीत भरायची करडी लांबी त्याच्या गाडीत असायचीच. अप्पांनी हौदाच्या कठड्यावरून तिरकी नजर टाकली. जावई तळहातावर लांबी मळत होता. त्याने ती बोल्टला लावली, बोल्ट भोकात दाबला, वरून बाहेर आलेली पुसून घेतली आणि ते फडकं चाकामागे सरकवलं.

"झालं, मामा," तो मोठ्याने म्हणाला. "चारी बसले."

नीलाबाई चहा घेऊन आल्या. दोघे ओट्यावर बसले. संगमेश्वर खुशीत होता. सासूच्या तब्येतीची त्याने आपुलकीने चौकशी केली, गोळ्या बदलल्या का ते विचारलं. अप्पा बशीत चहा ओतून तसाच ठेवून बसले. चहा पिताना सांगेल, असं त्यांना वाटत होतं. सासऱ्याच्या समोर चूक कबूल करायला माणूस कचरतो. त्यांनी स्वतःच त्याला वाट करून दिली.

"हे बोल्ट लई बेकार असतात बघा. मी नवा होतो तवा एका गाडीचे दोन आटे खाल्लते. सायबानं शिव्या घातल्या, पण दुसरा बोल्ट बी त्यानंच काढून दिला."

"असं?" संगमेश्वर हसला. "माझे तर पटापट बसले."

अप्पांनी बशी खाली ठेवली. चहावर साय धरली होती.

बंपर उचलायची वेळ आली. एकदा तो बसला की आतलं कुणालाच दिसणार नव्हतं. घाटात, खड्ड्यात, ट्रकला मागे टाकताना ती जाळी तीन बोल्टांवर हिसके खाणार, त्यातला एखादा ढिला होणार, पाइप निसटणार आणि ऐन वेळी गाडीतली ताकद जाणार. शेजारच्या सीटवर शिवांजली असणार. आतून तिच्या बांगड्या वाजल्या. ती दारापर्यंत येऊन परत गेली असावी.

संगमेश्वरने बंपरची एक बाजू धरली. अप्पांनी दुसरी धरली नाही.

"जावई, बोल्ट चारी नीट बसले ना?"

"बसले की."

"हातानं बघितलं?"

"मामा, शपथ घेऊ का आता?" तो अजूनही हसत होता. त्याच्या चेहऱ्यावर कुठे म्हणून अडखळणं नव्हतं. अप्पांना भीती वाटली ती त्या न अडखळण्याचीच. खोटं बोलताना माणूस निदान पापणी तरी हलवतो, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

ते गुडघ्यावर बसले. दोन बोटांनी चौथा बोल्ट धरला आणि ओढला. तो लोण्यातून निघावा तसा हातात आला. आट्यांमध्ये ओली करडी लांबी भरलेली होती. त्यांनी तो जावयासमोर धरला.

संगमेश्वरने बंपर खाली ठेवला. क्षणभर इकडेतिकडे पाहिलं.

"तीन तर हायत, मामा. तीनावर काही होत न्हाई."

"मी ते विचारत न्हाई. सांगितलं कावून न्हाई?"

"आता एवढ्याशा गोष्टीसाठी तुमाला कशाला तरास?"

अप्पा उठले. त्यांनी पडवीतून ड्रिल आणलं, भोक आरपार केलं, डब्यातून लांब बोल्ट शोधला, मागून वायसर आणि नट घालून आवळला. मग उरलेले तीनही एकेक करून पुन्हा पाहिले. साबणाचं पाणी करून सगळ्या जोडांवर ओतलं.

"चालू करा. रेस द्या."

इंजिन गुरगुरलं. एकाही जोडावर बुडबुडा आला नाही. त्यांनी बंपर चढवला, सगळ्या क्लिपा लावल्या. हे सारं होईतो साडेचार वाजून गेले आणि या वेळात दोघांमध्ये पाना द्या, फडकं घ्या यापलीकडे शब्द झाला नाही. हात मात्र नेहमीच्या सफाईने चालत होते. काम अर्धवट सोडणं त्यांच्या हातांना जमणारं नव्हतं, मग गाडी कुणाची का असेना.

"गाडी नीट झालीय," बॉनेट खाली दाबत ते म्हणाले. "बिनघोर न्या. घाटात सावकाश."

"शिवांजलीला हाक मारा मग. उशीर झाला."

"ती आज येणार न्हाई."

"म्हणजे? तुमीच तर बोलवलं मला!"

"मीच बोलवलं. माझं चुकलं."

"एका बोल्टापायी, मामा?" संगमेश्वरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लोक काय म्हणतील ते तरी बघा."

"बघतो मी लोकांचं. तुमी निघा आता. उजेड हाय तवर घाट पार करा."

तो थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला. दारात कुणी आलं नाही. मग त्याने गाडीचं दार आपटलं. गाडी हायवेला लागली तेव्हा तिचा आवाज दूरवर भरीव आणि एकसारखा ऐकू येत होता.

अप्पा आत गेले. शिवांजली खाटेच्या कडेवर ताठ बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, तरी वडिलांच्या चेहऱ्याकडे ती अंदाज घेत बघत होती. नीलाबाई काही विचारणार होत्या. अप्पांनी हातानेच थांबवलं. त्यांनी खडखडणाऱ्या पंख्याचं बटण बंद केलं आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू, अप्पा?"

"काय असंल ते. मी उठत न्हाई."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तवा मी उशिरा आले. तुमी माझ्याशी धड बोललाबी न्हाईत."

"व्हय."

"मला शुक्रवारी कळलं, अप्पा. कळलं तशीच निघाले."

अप्पांनी मान वर केली. जावयाला फोन त्यांनी स्वतःच केला होता. सोमवारी, सकाळी, ऑपरेशनच्या आधी. "तिला सांगितलंय," तो म्हणाला होता, "पण ती म्हणती, आत्ता जमणार न्हाई."