अंड्यांची स्वतःची ऊब
गोरक्षनाथ मशीन टेम्पोत चढवणार, तेवढ्यात सिल्व्हियानं वर्कशॉपच्या दारातून हाक मारली. "थांब रे, मशीन आज जात नाही."

अंडी उबवायचं ते मशीन दोघांनी भागीत केलं होतं. पत्र्याचं काम, हीटर, पंखा त्याचा. कंट्रोलरचा प्रोग्रॅम तिचा. तिसगावच्या कडूबाई गावरान अंडी जमवून वाट बघत होत्या.

"आता काय झालं? एवढे दिवस चालवलं, तापमान साडेसदतीसच्या पुढं गेलं न्हाई," गोरक्ष वैतागला.

"रिकामं चालवलंस. तेही इथं नगरात, इन्व्हर्टरवर."

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर गोल होते आणि गोलांना जोडणारे बाण. हीटर चालू, हीटर बंद, वीज गेली, वीज आली पण मशीन थांबलंय. मशीनच्या प्रत्येक अवस्थेचा एक गोल आणि त्यात तापमान कसं चढतं-उतरतं याचं गणित. एकेक प्रसंग करून बघण्याऐवजी कॉम्प्युटर सगळ्या वाटा चाचपत होता. त्यातली एक थेट पिल्लं दगावतील अशा धोक्याच्या तापमानाला भिडली होती.

"शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू स्वतःच ऊब सोडतं," सिल्व्हिया म्हणाली. "तेव्हा हीटर नको, पंखा हवा. आणि वीज आल्यावर आपण पाच मिनिटं थांबतो."

"थांबायलाच पायजे. व्होल्टेज वरखाली झालं की मोटार जळती."

"त्या पाच मिनिटांत वीज परत गेली तर?"

"तर परत पयल्यापासून पाच..." गोरक्षची जीभ अडखळली. तिसगावला वीज कशी ये-जा करते ते त्याला पाठ होतं. "म्हंजी पंखा सुरूच व्हनार न्हाई?"

तरी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यानं पिल्लांच्या जागी बॅटरीवरचा बल्ब आत ठेवला आणि विजेचं बटण चालू-बंद करत बसला. आकडा अडतीस झाला, एकोणचाळीस झाला, चाळिसाला टेकला तसं त्यानं घाईघाईनं दार उघडलं.

"कडूबाईनं मलाच आत बसवून उबवलं असतं!" म्हणत तो पोट धरून हसला. सिल्व्हियाही हसली, पण लगेच लॅपटॉपकडे वळली. प्रोग्रॅम तिचाच होता ना.

तिनं कडूबाईंना फोन लावला. "मावशी, अजून दोन दिवस थांबाल का?"

"थांबते की. पन अंडी नासली तर नवी तू घालशील का?"

सिल्व्हियानं आधी थांबायची वेळच कमी करून बघितली, तर गणितात मोटार जळाली. मग गोरक्षनं बॅटरीवर चालणारा एक छोटा पंखा बसवला, वीज नसताना आणि त्या पाच मिनिटांतही फिरणारा. सिल्व्हियानं तो गणितात घातला, अंड्यांची ऊब मुद्दाम जास्त धरली आणि तपासणी पुन्हा लावली. उत्तर आलं: कुठल्याच वाटेनं धोका गाठता येत नाही. गोरक्षनं तिथल्या तिथे टेम्पोवाल्याला बोलावलं.

अंडी आत ठेवल्याला एकवीस दिवस झाले. पिल्लं निघायच्या दिवशी दोघं तिसगावला पोचले, तर वीज सकाळपासून लपंडाव खेळत होती. छोटा पंखा इमानानं गरगरत होता. अंड्यांच्या उबेचा आपला अंदाज चुकला असला तर, या विचारानं सिल्व्हियाची नजर आकड्यावरून हलेना. गोरक्षनं मशीनच्या दाराला कान लावला.

"अगं, आतून वरडत्यात!"

संध्याकाळपर्यंत मशीनभर किलबिलाट झाला. कडूबाईंनी वाळलेलं एक तपकिरी पिल्लू उचलून सिल्व्हियाच्या ओंजळीत ठेवलं. त्यानं लगेच तिचा हात घाण केला.

"ऱ्हाऊ दे, धुऊ नको," कडूबाई खदाखदा हसत म्हणाल्या. "अजून लई यायच्यात!"