एकोणीसचा पाढा

"आजोबा, भिंतीला पाठ टेकवून खाली बसा बघू. बसलात? शाब्बास!"

साहेब फोनवर बसणाऱ्या ताईंच्या मागे येऊन उभे राहिले होते, ते त्यांची खरडपट्टी काढायलाच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रारीचा फोन चार मिनिटांत उरकायचा, हा साहेबांचा दंडक. आणि ताईंचे फोन मारुतीच्या शेपटासारखे लांबायचे. 'अडकलेल्या माणसाला एकटं सोडू नका' हे भिंतीवरचं वाक्यही साहेबांनीच लिहिलेलं. पण ते आल्यागेल्या पाहुण्यांनी वाचायचं, अशी त्यांची समजूत.

काय चाललंय ते ऐकावं म्हणून त्यांनी दुसरा हेडफोन कानाला लावला. पलीकडे बंद पडलेल्या लिफ्टच्या अंधारात कोंडलेला म्हातारा श्वासासाठी धडपडत होता.

"मला... मला जमत नाहीये, बाई."

"आमचा माणूस निघालाय. तुम्ही पूर्वी काय करायचात?"

"मास्तर... गणिताचा."

"अगंबाई! गणिताशी माझा उभा दावा. माझा एकोणीसचा पाढा घेता?"

ताईंनी सुरुवात केली. "एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक... एकोणसाठ."

"सत्तावन्न!"

"एकोणीस चोक अठ्ठ्याहत्तर?"

"डोकं आहे का खोकं? शहात्तर! पुन्हा पहिल्यापासून!"

साहेब थक्क झाले. ताईंची बेरीज आजवर कधी चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि इथे त्या मुद्दाम चुकत होत्या, बोलणी खात होत्या, आणि दर चुकीसरशी म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होत होता. भीती कुठल्या कुठे पळाली होती. भिंतीवरचं ते वाक्य लिहिताना आपल्याला एवढं काही सुचलं होतं का?

पाढा कितीदा तरी झाला. शेवटी दार सरकल्याचा आवाज आला, माणसांचा गलका आला.

"निघतो मी," मास्तर म्हणाले. "पाठ करून ठेवा, बाई. उद्या विचारीन."

ताईंनी हेडफोन काढला. घसा पार बसला होता. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात फोनचा दिवा पुन्हा लुकलुकला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. खुर्ची ओढून बसले. ताईंचा अजून उबदार असलेला हेडफोन त्यांनी कानाला लावला, आणि शाळेतल्या पोरासारखा घसा खाकरला.