धाकट्याचा पायगुण

मी थापा मारतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही. गल्लीत मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. सगळे 'लोणकढे' म्हणतात. पण घरामागची हिरवळ ही थाप नव्हे. ती मी केली, या दोन हातांनी, आणि पन्नाशी उलटल्यावर माणसाच्या नावावर निदान एक खरी गोष्ट असावी, लोकांनी ती त्याची म्हणून मानावी, एवढीच माझी इच्छा होती.

ती जागा म्हणजे घर बांधून उरलेल्या सगळ्याची अडगळ: विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, मुरूम, आणि वर दोन बोटं माती, तीही लाजेकाजेस्तव. दोनदा लावलेलं गवत आजाऱ्याच्या दाढीसारखं तुरळक उगवून पिवळं पडलं, तेव्हा बायकोनं निर्वाणीचं सांगितलं की आणखी तीन महिने, मग फरशीवाला येईल. मी कुदळ उचलली. वीतभर खणलं, माती वाळूच्या चाळणीतून काढली, कुजलेला पाला मिसळला, गवताची मुळं चार-चार बोटांवर खोवली, आणि रोलर नव्हता म्हणून एकेक ओळ अनवाणी पायांनी, आधी टाच मग चवडा, दाबत गेलो. पाणी रोज शिंपडलं नाही. तिसऱ्या दिवशी, पण पोटभर दिलं, म्हणजे मुळं त्याच्यामागे खोल जातात. पहिल्याच आठवड्यात कुदळीनं माझ्या डाव्या पायाची करंगळी नेली. पट्टी बांधून आल्यावर पुष्कळ शोधली, मातीत सापडली नाही.

"राहू द्या," बायको म्हणाली, "तेवढंच खत."

तीन महिन्यांनी फरशीवाला माप घ्यायला आला तो काठावरच थबकला, चपला काढून आत गेला, घटकाभर मांडी घालून बसला आणि टेप न उघडताच परत गेला. यात तिखटमीठ अजिबात नाही. शेजारचे निवृत्त टपालमास्तर कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले की लोणकढे, खरं सांगा, कुणाकडून करून घेतलीत? आणि इथेच माझा घात झाला. खऱ्याची सवय नसली की जीभ आपल्या नेहमीच्या वाटेनंच जाते. म्हटलं, धाकट्या भावानं केली. रोज पहाटे येतो, अनवाणी एक फेरी मारतो आणि जातो, त्याचा पायगुणच तसा. मास्तरांनी मान डोलावली. मला भाऊ नाही. मी एकुलता एक, आणि बायकोला ते पुरतं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवावर पावलं उमटलेली होती, आधी टाच मग चवडा, मधोमध जाऊन परत आलेली. मास्तरांचा चावटपणा म्हणून मी त्यात माझा पाय ठेवून पाहिला. नेमका बसला, फक्त डावीकडे, करंगळीच्या जागी, एक लहानसा खड्डा रिकामा राहिला.

स्वयंपाकघरात तीन कप धुऊन पालथे घातलेले होते. भाऊजी आज फारसे बोलले नाहीत, असं बायको कप पुसताना सहज म्हणाली. मी हसलो, एवढ्या वर्षांच्या संगतीनं ही माझ्याही वरताण झाली, याचं मला कौतुकच वाटलं. ती हसली नाही.

मग मास्तर सांगू लागले की तुमच्या धाकट्याला झाडांचं विचारलं, तर म्हणाला, तिसऱ्या दिवशी द्या पण पोटभर द्या. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पावलं ठीक, कपही ठीक, पण ते पाणी माझं होतं. मी कुंपणाशी जाऊन, आयुष्यात प्रथमच शब्द मोजून, सांगितलं की मला भाऊ नाही, हे सगळं मी एकट्यानं केलं. मास्तरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"लोणकढे, तुमच्या आजवरच्या थापांत ही सगळ्यांत फिकी. निदान त्या गरिबाच्या कष्टांवर तरी डल्ला मारू नका."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मागच्या पायरीवर ठाण मांडलं. कुणी आलं नाही. दव काचेसारखं कोरं होतं, आणि त्याखाली माझी हिरवळ अशी दाट, अशी एकसारखी पसरलेली, की ऊर भरून आला. शेवटी मीच चपला काढल्या आणि ती कुणाची आहे हे एकदा दाखवून द्यावं म्हणून आधी टाच मग चवडा टाकत मधोमध गेलो, आणि वळून पाहिलं.

पावलं माझीच होती. डाव्या पावलाला पाच बोटं होती.

मी खाली पाहिलं. करंगळी जागच्या जागी होती, नखात थोडी माती अडकलेली.

मागचं दार वाजलं. बायको पायरीवर आली, परक्यासमोर सावरतात तशी जराशी सावरली, आणि म्हणाली, "भाऊजी, चहा घेऊनच जा. हे सकाळपासून कुठे गेलेत कोण जाणे, बसले असतील कुणाला तरी थापा मारत." मग हिरवळीवरून डोळे भरून नजर फिरवत हळूच म्हणाली, "काही म्हणा, केलीत मात्र तुम्हीच."

किती दिवस वाट पाहिली होती मी या वाक्याची. मान आपोआप ताठ झाली.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "मीच केली."