नेकेसाच्या आईची बाटली

दार लावा आधी! उघडं राहिलं की मला धाप लागते. हं, आता ऐका. मी एक फ्रिज बोलतोय. कमरेएवढा, पांढरा. केनियातल्या नैवाशाच्या तळ्याकाठी गुलाबाचा मोठा मळा आहे, तिथल्या दुधाच्या खोलीत मी राहतो. दूध गाईचं नव्हे हो. मळ्यात राबणाऱ्या बायांचं, लेकरांसाठी काढून ठेवलेलं.

मला आणलं तेव्हा काय थाट होता! लाल फीत, टाळ्या, फोटो. त्याआधी बिचाऱ्या संडासात जाऊन दूध पिळून टाकायच्या. साहेब म्हणाले, आता आयांची काळजी मिटली. मीही फुगलो. एक खुर्ची, एक पडदा, हात धुवायला बेसिन आणि मी, एवढा आमचा संसार. भिंतीला प्लगची जागा मात्र एकच होती. आतला दिवा गेला, तो कोणी बदलला नाही.

इथे लेकरू झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरही तसंच. नासांबू झाली नेकेसाची आई. तिची नेकेसा तीन महिन्यांची असताना ती कामावर परतली. पहिली बाटली ठेवताना माझ्या दारावर थाप मारून म्हणाली, "सांभाळ रे बाबा, माझ्या पोरीचं जेवण आहे."

घरी सासू नेकेसाला बघायची. म्हातारीचा एकच हट्ट, पोरीला पेज पाजायची. नासांबू खुर्चीत बसून तिची नक्कल करायची, "अगं, बाटलीतल्या दुधानं कुठं पोट भरतं? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" बाया हसून लोटपोट व्हायच्या. मग नासांबू म्हणायची, "सहा महिने फक्त माझं दूध. नर्सबाईंनी सांगितलंय. सासूबाई ओरडेनात का!"

सकाळी दहाला आणि दुपारी एकला ती दूध काढायची, संध्याकाळी घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना म्हातारी ते पोरीला पाजायची. पाच महिन्यांची नेकेसा गुटगुटीत झाली होती म्हणे. मी तिला कधी पाहिलं नाही, पण माझीच नात असल्यासारखा मी खूश होतो.

मग फेब्रुवारी आला. चौदा तारखेला तिकडे दूरदेशी लोक एकमेकांना गुलाब देतात, म्हणून इथे बायांना पाणी प्यायला सवड नसते. बारा तारखेला सकाळी मुकादम मुतिसो धावत आला. फुलं बांधायच्या हॉलमधला प्लग जळला होता आणि चिठ्ठ्या छापायचं मशीन बंद पडलं होतं. "एका दिवसानं काय होतंय," असं पुटपुटत त्यानं माझा प्लग काढला, स्वतःची वायर लावली आणि खिडकीतून हॉलमध्ये नेली. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी ओरडत होतं.

दहा वाजता मी अजून थोडा गार होतो. एक वाजता नासांबूनं बाटली ठेवली, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "नेकेसाची आई, आटप की गं!" तिनं दार ढकललं आणि पळाली. पत्र्यावर ऊन आग ओकत होतं. माझ्या पोटात दूध कोमट झालं, मग गरम झालं. मी काय करणार? ओरडलो असतो हो, पण मला नुसतं गुरगुरता येतं, तेही वीज असेल तरच.

चार वाजता मुतिसोनं प्लग परत लावला. सहाला नासांबू आली तेव्हा बाटल्या पुन्हा गार होत्या. तिनं गालाला लावून बघितल्या. "शाबास," म्हणाली मला.

दुसऱ्या दिवशी नेकेसा ते दूध प्यायली. आधी उलट्या, मग जुलाब. दवाखान्यात नेली, पण अंगातलं पाणीच गेलं होतं. चौदा तारखेला पोरगी गेली.

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "औषध मारलेल्या फुलांना लागलेले हात. धुतले नसतील तिनं नीट." चार दिवसांनी मुतिसो माझ्या डोक्यावर पाटी ठोकायला आला. 'आयांनो, हात स्वच्छ धुवा.' ठोकून झाल्यावर माझ्या प्लगकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. त्याला कळलं होतं. घाम पुसला आणि निघून गेला.

आठवड्यानं नासांबू कामावर आली. पोरगी गेली, तरी दूध येतच होतं. बाया अजूनही सवयीनं "नेकेसाची आई" म्हणतात आणि जीभ चावतात. रोज एक वाजता ती येते. पाटी वाचते. हात धुते, पुन्हा धुते, पुन्हा धुते. बोटांची सालं निघालीत. दूध काढते आणि बेसिनमध्ये ओतून देते. मग माझ्या दाराला कपाळ टेकून म्हणते, "मी धुतले होते रे. देवाशपथ धुतले होते."

मला माहीत आहे गं बाई. मी गुरगुरतो, तिला वाटतं जुना झालाय.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्हाला तोंड आहे. कोणीतरी जा आणि तिला सांगा, तुझे हात स्वच्छ होते.